शस्त्रवैद्यांची उमेदवारी

दिवाळीच्या अंकात, चकल्या-करंज्यांच्या ताटाशेजारी, सुरी-चिमट्यांचा विषय काढावा की काढू नये, असा विचार मनात येऊन गेला. परंतु सणाला ज्या घरात दहा माणसे जमतात, त्या घरात दुखण्याखुपण्याच्या गोष्टीही निघतातच. काकांचे अपेंडिक्स, मावशींचे पित्ताशय, आजोबांचा मोतीबिंदू यांची उजळणी होते, आणि कोणी तरी हमखास विचारते, "पण डॉक्टर कुठे शिकलेले?"

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात तीर्थपुरी म्हणून गाव आहे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे याच तालुक्यातले. गोदाकाठचा हा मुलूख कापसाचा आणि उसाचा. अशा गावात एखाद्याचा हात मळणीयंत्रात सापडला, की त्याला गाडीत घालून जालन्याला, नाही तर तिथून पुढे छत्रपती संभाजीनगरच्या 'घाटी'त न्यावे लागते. वाटेत म्हातारा बाप हाच प्रश्न विचारणार, "डॉक्टर कुठं शिकलेला हाय रं?" कोणी 'मुंबईला' म्हणाले तर त्याला थोडा धीर येतो, 'विलायतेला' म्हणाले तर अधिक येतो. हा प्रश्न भाबडा वाटला तरी तसा तो नाही. शस्त्रवैद्य कोठे शिकला, कोणाच्या हाताखाली शिकला आणि मुख्य म्हणजे कोणाच्या देहावर शिकला, या प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या देशांनी निरनिराळी दिली आहेत. त्या उत्तरांचा इतिहास येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

आरंभ आपल्याच घरापासून करू. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्या' म्हणजे सराव या विषयाला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. शास्त्र पाठ झालेल्या शिष्यालाही सराव केल्यावाचून रोग्याला हात लावू देऊ नये, असा त्याचा रोख आहे. छेद घेण्याचा सराव कोहळा, भोपळा, काकडी, कलिंगड यांवर करावा. पाण्याने व चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर चिरा द्यावा. केसाळ ताणलेल्या कातड्यावर खरवडणे शिकावे. शीर तोडण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर करावा. किडीने पोखरलेल्या लाकडात सळई घालून व्रणाचा माग काढण्यास शिकावे. टाके घालण्याचा हात कापडावर आणि मऊ चामड्यावर बसवावा. पट्ट्या बांधावयाच्या त्या माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर. स्वयंपाकघरातला कोहळा हा शस्त्रविद्येचा पहिला रोगी होता, हे आमच्या गृहिणींना ऐकून गंमत वाटेल. केवळ ग्रंथ जाणणारा आणि केवळ हात चालवणारा, हे दोघेही एका पंखाच्या पक्ष्यासारखे, असेही सुश्रुत बजावतो. आज जगभर प्लास्टिकच्या आतड्यांवर आणि यंत्रांच्या पडद्यांवर नवशिक्यांचा सराव करून घेतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

परंतु ग्रंथातली ही शिस्त पुढे ग्रंथातच राहिली. प्रत्यक्ष चाकू हाती धरणारा वर्ग वेगळा झाला आणि पोथी वाचणारा वेगळा. या ताटातुटीचे एक विलक्षण उदाहरण पुण्याचेच आहे. तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. इंग्रजी वृत्तान्तात त्याचे नाव 'कावसजी' असे दिले आहे. सुमारे वर्षभर नाकावाचून काढल्यावर पुण्याजवळ राहणाऱ्या, विटा भाजणाऱ्या कुंभार जातीच्या एका इसमाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्यातील क्रूसो आणि फिंडले या दोन डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली, आणि लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात तिची हकीकत छापून आली.

क्रिया अशी : मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून त्याला नाकाचा आकार द्यावयाचा, तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याच्या कडेने रेघ मारावयाची, मग तेवढी कातडी सोडवून, दोन भुवयांच्या मध्ये एक बारीक पट्टी जोडलेली ठेवून, उलटी फिरवून खाली आणावयाची. त्या पट्टीतून रक्त मिळत राही आणि कातडी जगे. वर काताचा लेप, चार दिवसांनंतर तुपात भिजवलेल्या घड्या. सुमारे पंचवीस दिवसांनी जोड तोडावयाचा. हे सारे भूल देण्याची विद्या जन्मण्यापूर्वी अर्धशतक!

हा लेख वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्याने २३ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये ही क्रिया केली व १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. जर्मनीत ग्रेफेने १८१८ मध्ये नाकावरच्या शस्त्रक्रियेवर ग्रंथ छापला. युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीची सुरुवात ही अशी पुण्याच्या वीटभट्टीपासून झाली, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेही. परंतु एक गोष्ट मनाला लागून राहते. त्या वृत्तान्तात रोग्याचे नाव आहे, पाहणाऱ्या दोन्ही डॉक्टरांची नावे आहेत, रोग्याचे चित्र काढणारा वेल्स नावाचा चित्रकारही ठाऊक आहे. ज्याने नाक केले त्याचे नाव मात्र कोठेही नाही. तो कोणाजवळ शिकला, किती वर्षे शिकला, त्याने कोणाला शिकवले, काही कळत नाही. बापाने मुलाच्या हाती हात धरून दिलेली विद्या ती. तिच्यात हात अप्रतिम तयार होई. परंतु विद्या घराबाहेर पडत नसे, फसलेल्या क्रियांची नोंद राहत नसे आणि वंश खुंटला की विद्याही खुंटे. सुश्रुताने सांगितलेला दुसरा पंख येथे तुटलेला होता.

पण त्या काळचा इंग्रज शस्त्रवैद्य तरी फार पुढे होता असे नाही. १५४० पासून १७४५ पर्यंत लंडनचे शस्त्रवैद्य आणि न्हावी एकाच संघात होते. औषध देणारा 'डॉक्टर' आणि कापणारा नुसता 'मिस्टर', हा भेद इंग्लंडात अजून शिल्लक आहे. फरक एवढाच की तेथला सर्जन आता 'मिस्टर' म्हणवून घेण्यात भूषण मानतो. शरीर शिकावयास प्रेते मिळत नसत, म्हणून थडगी उकरली जात. एडिंबरोत बर्क आणि हेअर या जोडगोळीने तर १८२८ साली प्रेते विकण्यासाठी माणसे मारली. त्यानंतर १८३२ च्या कायद्याने बेवारशी प्रेते विद्यालयांना मिळू लागली. बेवारशी म्हणजे अर्थातच गरिबांची. शस्त्रविद्येची पहिली पाटी ही गरिबाच्या देहाची पाटी असते, हे सत्य तेव्हापासून कायद्याच्या भाषेत लिहिले गेले.

दुसरी शाळा रणांगणाची. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे वेलस्लीची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली. एका दिवसात हजाराहून अधिक जखमी एकट्या इंग्रजी बाजूला होते. अशा ठिकाणी पलटणीचा तरुण सर्जन एका रात्रीत जेवढे अवयव कापी, तेवढे लंडनच्या रुग्णालयात वर्षभरातही त्याच्या वाट्याला येत नसत. हात तयार होई, पण कसा? समोरचा शिपाई तक्रार करणार नव्हता, आणि किती जण वाचले याचा जाब विचारणाराही जवळ कोणी नव्हता.

मग एकोणिसाव्या शतकात तीन गोष्टी घडल्या. १८४६ मध्ये बॉस्टनला ईथरची भूल जगासमोर आली, १८४७ मध्ये एडिंबरोला क्लोरोफॉर्म आले, आणि १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. आता घाई करण्याचे कारण उरले नाही. सावकाश, नीट, पोट उघडूनही काम करता येऊ लागले. साहजिकच शिकवण्याची रीतही बदलावी लागली, आणि येथून देशादेशांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

इंग्लंडने परीक्षेची वाट धरली. १८४३ मध्ये रॉयल कॉलेजने 'फेलो' ही पदवी निर्माण केली. तीच पुढची सुप्रसिद्ध एफ. आर. सी. एस. परीक्षा कडक, पण हाताचे शिक्षण मात्र एखाद्या बड्या सर्जनच्या पथकात राहून, जागा रिकामी होईपर्यंत वाट पाहत घ्यावयाचे. जर्मन भाषकांच्या मुलखात प्राध्यापकाचे रुग्णालय हेच गुरुकुल झाले. १८६७ मध्ये व्हिएन्नास आलेला बिलरोथ हा त्यातला महागुरू. त्याने २९ जानेवारी १८८१ रोजी जठराचा कर्करोगग्रस्त भाग काढून दाखवला. परंतु त्याची खरी कमाई म्हणजे त्याचे सहायक. मिकुलिच, चेर्नी, आयझेल्सबर्ग अशी माणसे वर्षानुवर्षे त्याच्या हाताखाली राहिली, प्रयोगशाळेत राबली आणि मग स्वतः गुरू होऊन बाहेर पडली.

ही पद्धत विल्यम हॅल्स्टेड या अमेरिकन तरुणाने १८७८ ते १८८० या काळात युरोपात हिंडून पाहिली. १८८९ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले, तेव्हा त्याने ती तेथे आणली आणि तिला अमेरिकन शिस्त लावली. शिकणाऱ्याने रुग्णालयातच राहावयाचे. म्हणून तो 'रेसिडेंट', आपल्याकडचा 'निवासी डॉक्टर'. जबाबदारी पायरीपायरीने वाढवत न्यावयाची. पण हा डोंगर वर निमुळता होत जाई : खाली अनेक जण चढू लागत, शिखरावर एकच पोहोचे. तीस-बत्तीस वर्षांत हॅल्स्टेडच्या हाताखालून मुख्य निवासी सर्जन म्हणून बाहेर पडले ते अवघे सतरा. किती वर्षे राहावे लागेल हेही आधी ठरलेले नसे. सतरा रत्ने मिळाली खरी. पण ज्यांना मधूनच उतरावे लागले त्यांचे काय? हा प्रश्न बॉस्टनच्या एडवर्ड चर्चिलला पडला, आणि १९३० नंतरच्या दशकात त्याने घेतलेल्या प्रत्येक योग्य उमेदवाराला शेवटपर्यंत शिकवावयाचे अशी रचना केली. देशाला चार थोर सर्जन हवेत, की गावोगावी पुरतील इतके चांगले सर्जन हवेत? तीर्थपुरीच्या माणसाने हा प्रश्न विसरू नये. पुढे आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, शेजारी जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीचे रुग्णालय. भाऊ दाजी लाड हे तेथून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकी. शिक्षण चांगले होते. पण मोठ्या जागा लष्करी सेवेतल्या गोऱ्या डॉक्टरांकडे असत. म्हणूनच १९२६ मध्ये परळला सेठ गोरधनदास सुंदरदास कॉलेज आणि के. ई. एम. रुग्णालय निघाले, तेव्हा अध्यापक भारतीयच असावेत हा आग्रह धरला गेला. चाकू कोणी धरावयाचा आणि कोणी नुसता पाहावयाचा, हा प्रश्न स्वराज्याचाच एक भाग होता. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने येथील पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्या अपमानातून १९३३ चा भारतीय वैद्यक परिषदेचा कायदा आला.

तरीही विलायतेचा शिक्का हवाच होता. गोव्यातील शिरोडे येथे १८९९ मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर ग्रँट कॉलेजात शिकले, १९३१ मध्ये एफ. आर. सी. एस. झाले आणि परत येऊन शिकवू लागले. गर्भ वारंवार पडणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाला टाका घालण्याची त्यांची रीत १९५५ च्या सुमारास प्रसिद्ध झाली, आणि तिच्यामुळे कितीतरी घरांत पाळणे हलले. 'शिरोडकर टाका' हे नाव जगातल्या पाठ्यपुस्तकांत आहे. शिक्षण दोन देशांचे. पण डोळ्यांसमोर रोगी होत्या त्या मुंबईच्या.

नाकाची गोष्टही येथे पुरी होते. पहिल्या महायुद्धात चेहरे उडालेल्या सैनिकांना हॅरॉल्ड गिलिज याने इंग्लंडात नवे चेहरे दिले. त्या गिलिजजवळ डॉ. नोशीर अंतिया शिकले, आणि परत येऊन पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णांची बसकी नाके व वाकडी बोटे दुरुस्त करू लागले, पुढे जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. पुण्याच्या कुंभाराची विद्या लंडनहून वळसा घेऊन पुण्यालाच परत आली. मात्र या वेळी ती नावानिशी, नोंदींसह आणि शिकवण्याजोगी होऊन आली. याच अंतियांनी उत्तर आयुष्यात अलिबागजवळच्या मांडव्यात खेड्यातल्या बायांना आरोग्याचे काम शिकवले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

के. ई. एम. मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातले पहिले हृदयारोपण केले. रोगी काही तासच जगला. पण त्यामागे कुत्र्यांवर वर्षानुवर्षे केलेला सराव होता. कोहळ्यापासून निघालेली 'योग्या' ती हीच.

आता आजची तुलना. अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर सामान्य शस्त्रक्रियेचे शिक्षण पाच वर्षांचे. जर्मनीत सुमारे सहा वर्षांचे, आणि कोणत्या क्रिया किती केल्या याची यादी भरून द्यावी लागते. ब्रिटनमध्ये सारे टप्पे धरून दहा वर्षांच्या आसपास. आपल्याकडे एम. एस. तीन वर्षांत होते. केवळ वर्षे मोजली तर आपण मागे पडतो. परंतु आमच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत तीन वर्षांत जेवढे फुटलेले पोट, अडकलेले आतडे आणि चिरडलेले हात तरुणाच्या पुढ्यात येतात, तेवढे तिकडे येत नाहीत. आमचा मुलगा लवकर धीट होतो. शेजारी वडीलधारा गुरू उभा असतोच असे मात्र नाही. 'एक पाहा, एक करा, एक शिकवा' अशी अमेरिकन वॉर्डांतली जुनी म्हण आहे. गर्दीच्या रात्री आमच्याकडे पहिली पायरीच गळून पडते.

कामाच्या तासांचेही तेच. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दगावली. थकलेल्या शिकाऊ डॉक्टरांवर रोगी सोपवावा काय, यावर मोठा वाद झाला, आणि अखेर २००३ पासून अमेरिकेत आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली. युरोपच्या नियमानुसार ब्रिटनमध्ये २००९ पासून ती ४८ तासांची झाली. तेथील जुने सर्जन कुरकुरतात, की एवढ्यात हात बसणार कसा? आमच्या १९९२ च्या योजनेतही सलग बारा तासांहून अधिक काम साधारणपणे देऊ नये असे लिहिलेले आहे. लिहिलेले आणि घडणारे यांतले अंतर कोणत्याही निवासी डॉक्टरला विचारावे. डोळे तांबारलेल्या मुलाने घातलेला टाका आणि झोप झालेल्या मुलाने घातलेला टाका यांत फरक पडत असेल, तर तो फरक सोसतो कोण? गाडीतून आणलेला तो हात ज्याचा आहे, तो.

आणखी एक धडा कोणत्याच देशाच्या परीक्षेत पुरता मोजला जात नाही. तो म्हणजे चाकू केव्हा उचलू नये. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांची गर्भाशये काढण्याचा प्रश्न गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. बीड आणि जालना यांच्यामध्ये फक्त गोदावरी. केवळ तयार हाताला चांगले शिक्षण म्हणावयाचे ठरवले, तर या प्रश्नापुढे आपल्याला मान खाली घालावी लागेल. असई, बर्क-हेअर, ऊसतोड बाया : जेथे जाब विचारणारा नसतो तेथे विद्या लवकर बिघडते, असे हा इतिहास पुनःपुन्हा सांगतो.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा जवळचे वैद्यकीय विद्यालय म्हणजे १८४६ मध्ये निघालेले हैदराबादचे. तेथे १८८८ व १८८९ मध्ये क्लोरोफॉर्म किती सुरक्षित आहे यावर दोन आयोग बसले आणि जगभर गाजले. पण अंबड-जालन्याच्या शेतकऱ्याला हैदराबाद दूरच होते. औरंगाबादचे सरकारी महाविद्यालय १९५६ मध्ये निघाले. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, आणि जालन्याचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. मुंबईनंतर १७९ वर्षांनी! शिवाय आता नव्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर विद्यार्थ्याला शिक्षणाच्या काळात तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्ययंत्रणेत काम करावे लागते. तीन महिने थोडे खरे, पण बाल्टिमोरच्या त्या निमुळत्या डोंगराला खालून एक पाऊलवाट फुटली आहे.

तेव्हा तीर्थपुरीच्या त्या बापाला काय उत्तर द्यावयाचे? विलायतेची पाटी पाहून धीर धरू नकोस, तिच्यावाचून धीर सोडूही नकोस. विचारायचेच असेल तर असे विचार : याचा हात धरणारा कोणी होता का? याने आधी किती वेळा हे केले आहे? याच्या चुका कोणी मोजल्या आहेत का? आणि हा रात्री झोपला आहे का? कोहळा कापणाऱ्या शिष्यापासून आजच्या निवासी डॉक्टरापर्यंत चांगले गुरू हेच प्रश्न स्वतःला विचारीत आले. पुण्याच्या त्या अनामिक कारागिराला ते कोणी विचारले नाहीत, म्हणून त्याचे नाव राहिले नाही. घाटीच्या किंवा जालन्याच्या वॉर्डात पहाटे तीन वाजता कोणाचा तरी हात जोडीत बसलेल्या मुलामुलींची नावे आपल्याला ठाऊक नसतात. दिवाळीच्या दिवशीही त्यांतली निम्मी घरी गेलेली नसतात. फराळाचा एक डबा त्यांच्याकडे पोहोचला, तर तो योग्य ठिकाणी पोहोचला असे समजावे.